गावात मोठ्या दुर्बिणींच्या शोधांवर व्याख्यान घ्यायचं, तर हा क्रम धरा

गावात आकाशावर व्याख्यान आहे म्हटलं की लोक येतात. शाळेचं पटांगण भरतं, पोरं पुढे सतरंजीवर बसतात, म्हातारे खुर्च्या ओढतात. मग पहिला पाऊण तास प्रास्ताविक आणि सत्कारात जातो. पुढच्या तासात चित्रांमागून चित्रं सरकतात, एकाचाही नीट पत्ता लागत नाही. शेवटी "चला, आता आकाश पाहू" अशी घोषणा होते, तोवर बायाबापड्या पेंगुळलेली लेकरं उचलून घरी गेलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी पारावर विचारा, "लय भारी फोटो होते" यापलीकडे काही हाती लागत नाही.

बहुतेक कार्यक्रम फसतात ते क्रम चुकल्यामुळे. हा लेख जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांसाठी, गावातलं वाचनालय चालवणाऱ्यांसाठी, बचत गटाच्या ताईंसाठी आणि उत्साही तरुण मंडळांसाठी आहे. सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे: एका कार्यक्रमात एकच शोध घ्या, त्याची जागा गावातून बोटाने दाखवता आली पाहिजे, आणि तो कळला कसा हे पूर्ण सांगता आलं पाहिजे.

## टप्पा १ : आधी आकाश बघा, मग विषय निवडा

लोक नेमकं उलटं करतात. बातमीत गाजलेला शोध उचलतात, तारीख ठरवतात, आणि मग लक्षात येतं की ती जागा त्या महिन्यात पहाटे तीनला उगवते. म्हणून आधी महिना पक्का करा आणि त्या महिन्यात रात्री सात ते नऊ काय दिसतं ते स्वतः दोन-तीन रात्री बाहेर उभं राहून पाहा. संगणकावरचं 'स्टेलॅरियम' हे आकाशाचा नकाशा दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर मदतीला घ्या, पण डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्या विदर्भात जमणाऱ्या, महिना आणि विषयाच्या काही जोड्या अशा:

नोव्हेंबर-डिसेंबरात शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या आधाराने देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, सापडते. अंधाऱ्या गावातून ती नुसत्या डोळ्यांनी पुसट डागासारखी दिसते. हा डाग आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा आहे हे एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या २.५ मीटरच्या दुर्बिणीतून, १९२३ साली सापडलेल्या एका ताऱ्यामुळे कळलं. त्या ताऱ्याचा उजेड ठरावीक दिवसांनी कमी-जास्त होत होता आणि त्या दिवसांवरून त्याचं खरं तेज काढता येत होतं. हबल यांनी काढलेलं अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं होतं, आज ते २५ लाख धरतात (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर). आकडा सुधारला, हेही लोकांना सांगा.

जानेवारी ते मार्च मृग नक्षत्र. हा सर्वात सोपा विषय, पुढे त्याचाच नमुना दिला आहे.

एप्रिल-मेमध्ये रात्री नऊला कन्या रास डोक्यावर असते. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर एम ८७ ही दीर्घिका आहे. १० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचं जे पहिलं चित्र जगाने पाहिलं, ते तिथलं. दीर्घिका डोळ्यांना दिसत नाही, पण दिशा दाखवता येते. मे संपताना रात्री उशिरा वृश्चिकाची नांगी वर आली की तिच्या डाव्या अंगाला, धनू राशीच्या कडेला, आपल्या आकाशगंगेचं केंद्र दाखवता येतं. तिथल्या ४० लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचा पुरावा केक आणि व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणींनी ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजून दिला. त्यातला एक तारा १६ वर्षांत फेरी पूर्ण करतो. याच कामासाठी २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांचा वाटा होता.

पावसाळ्यात हा कार्यक्रम ठेवूच नका.

तपासा : निवडलेली जागा तुम्ही स्वतः, नकाशा न बघता, अर्ध्या मिनिटात दाखवू शकता का? जमत नसेल तर विषय बदला किंवा अजून दोन रात्री द्या.

## टप्पा २ : 'कळलं कसं' याची साखळी लिहून काढा

विदर्भातला श्रोता फोटोला भुलत नाही. तो पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "सर, इतक्या दूरचं समजते कसं काय?" या प्रश्नाला बगल दिली की पुढचं सगळं व्याख्यान त्याच्या लेखी कीर्तनातली कथा होतं. म्हणून स्लाइड करायला बसण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: काय मोजलं, कशाने मोजलं, त्यावरून काय ठरलं, आणि ते बरोबर आहे याची दुसरी खात्री काय.

मृगातल्या काक्षी (बीटलज्यूस) या तांबूस ताऱ्याचा नमुना घ्या.

*काय मोजलं?* २०१९ च्या अखेरीपासून काक्षीचा उजेड उतरत गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो नेहमीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला. हे नुसत्या डोळ्यांनीही कळत होतं.

*कशाने मोजलं?* चिलीच्या अटाकामा वाळवंटात व्हीएलटी आहे, म्हणजे ८.२ मीटरच्या आरशांच्या चार दुर्बिणी. तारा बहुतेक दुर्बिणींत ठिपकाच राहतो, पण काक्षी इतकी अवाढव्य आहे की व्हीएलटीला तिची चकती दिसते. सुदैवाने जानेवारी २०१९ मधली, म्हणजे मंद होण्याआधीची प्रतिमा हाताशी होती. डिसेंबरातली नवी प्रतिमा शेजारी ठेवली तर चकतीचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसला.

*काय ठरलं?* ताऱ्याने वायूचा मोठा लोट बाहेर टाकला, पृष्ठभागाचा तो भाग थंडावला, आणि लोटातला वायू थिजून त्याची धूळ झाली. ती धूळ आपल्या नजरेच्या आड आली. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

*दुसरी खात्री?* हबल अवकाश दुर्बिणीला त्याच काळात ताऱ्यापासून निघालेल्या तप्त वायूच्या खुणा मिळाल्या होत्या. शिवाय जपानच्या 'हिमावारी-८' या हवामान उपग्रहाच्या चित्रांत पृथ्वीच्या कडेला काक्षी सापडली आणि तिचा उजेड वेगवेगळ्या तरंगलांबींत मोजता आला. हवामान उपग्रहाचं नाव काढलं की शेतकरी मंडळी सरसावून बसतात, तो मुद्दा गाळू नका.

ही साखळी लिहायला एक संध्याकाळ लागते. ती द्या. सगळ्या तयारीत हीच संध्याकाळ सर्वात जास्त फळते.

सावधान : "काक्षी लवकरच फुटणार" अशा पोस्ट त्या वर्षी गावोगावच्या ग्रुपवर फिरल्या. ती कधीतरी फुटेल हे खरं, पण त्याला एक लाख वर्षंही लागू शकतात. गर्दी जमवायला फलकावर "तारा फुटणार?" असं छापू नका.

तपासा : चार ओळी गावातल्या एखाद्या न शिकलेल्या जाणत्या माणसाला तोंडी सांगून पाहा. तो जिथे "काहून?" म्हणेल ती कडी कच्ची आहे.

## टप्पा ३ : तारीख आणि वेळ

इथे खगोलशास्त्रापेक्षा गाव जास्त कळावं लागतं.

चंद्र आधी बघा. अमावास्येच्या आसपासचा आठवडा उत्तम. लोक जमतात म्हणून कोजागिरीला कार्यक्रम ठेवण्याचा मोह होतो, पण पुनवेच्या उजेडात देवयानी दिसत नाही आणि आकाशगंगेचा पट्टा तर विसराच. गावात छोटी दुर्बीण येणार असेल आणि चंद्राचे खड्डे दाखवायचे असतील, तर शुद्ध सप्तमी-अष्टमी धरा.

मग शेत बघा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी-मळणी, पुढे कापूस वेचणी आणि तुरीची सोंगणी, त्यात दिवसभर राबलेला माणूस रात्री नऊनंतर बसत नाही. कृषिपंपाच्या विजेची पाळी ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात गडीमाणसं ओलिताला गेलेली असतात. पाळी दिवसाची कधी आहे ते लाइनमनला विचारून तोच आठवडा घ्या. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन सोयीचा वाटतो, पण दहावी-बारावीच्या परीक्षांचे ते दिवस असतात. भोंगा लावून कार्यक्रम केला तर पालक नाराज होतात, आणि ते रास्त आहे.

वेळ ठरवताना सामुदायिक प्रार्थनेची, हरिपाठाची वेळ सोडा. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि सातच्या आत पूर्ण काळोख होतो. मेमध्ये तोच काळोख व्हायला आठ वाजून जातात. बायकांचा स्वयंपाक उरकलेला असावा, लेकरं झोपलेली नसावीत, अशी फट हिवाळ्यात सात ते साडेआठ एवढीच असते.

सावधान : चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागांत जंगलकाठच्या गावी कार्यक्रम गावठाणातच घ्या. अंधार चांगला मिळतो म्हणून लोकांना शिवारात नेऊ नका. टोल्यावरच्या, वाडीवरच्या लोकांना परत सोडायला टॉर्चसह सोबत ठरवून ठेवा. वाघ-बिबट्याचा वावर असल्याची सूचना वनविभागाने दिलेली असेल, तर तारीखच पुढे ढकला.

## टप्पा ४ : जागा आणि दिवे

दोन जागा लागतात आणि त्या एकमेकींना लागून हव्यात: बसायची आणि आकाश बघायची. शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर, आणि बाहेरचं पटांगण. सभागृह एका टोकाला आणि मैदान दुसऱ्या टोकाला असेल, तर वाटेतच अर्धे लोक घराकडे वळतात.

मैदानात उभं राहून बघा, निवडलेल्या दिशेला झाड, पाण्याची टाकी की हायमास्ट? हायमास्टचा दिवा अख्खं आकाश धुवून काढतो. तो तासभर बंद ठेवायची लेखी विनंती सरपंच आणि ग्रामसेवकांकडे आठ दिवस आधी द्या, आणि बटण नेमकं कोणाच्या ताब्यात आहे ते शोधून ठेवा. ऐन वेळी चावीवाला माणूस तालुक्याला गेलेला असतो.

दिवे बंद करायचे म्हणजे सगळीकडे मिट्ट काळोख करायचा नाही. बायका-मुलींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधून ठेवा. लाल उजेडाने डोळ्यांचा अंधाराला झालेला सराव मोडत नाही आणि पायाखालचंही दिसतं. बसण्याची मांडणी करताना बायकांची बाजू मागच्या कोपऱ्यात ढकलू नका. पडदा त्यांना सरळ दिसला पाहिजे.

## टप्पा ५ : चित्रं

बारा चित्रं पुरतात. पंधरा झाली तर तीन काढा.

मोठ्या दुर्बिणींची चित्रं दाखवताना तीन गोष्टी सरमिसळ होतात आणि त्या वेगळ्या ठेवणं हे वक्त्याचं काम आहे. पहिली, खरी निरीक्षणं. दुसरी, चित्रकाराने कल्पनेने काढलेली चित्रं. परग्रहांची, म्हणजे इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची, जवळजवळ सगळी देखणी चित्रं या गटातली असतात. ६,००० च्या वर परग्रह सापडले आहेत, पण त्यांतल्या मोजक्यांचाच प्रत्यक्ष ठिपका टिपता आला आहे. तिसरी, मोबाइलवर फिरणारी बनावट चित्रं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मराठीत ठळक लिहा: 'निरीक्षण' किंवा 'कल्पनाचित्र'. तिसरा गट घेऊच नका. चित्रं नासा, युरोपीय अवकाश संस्था (ईएसए), युरोपीय दक्षिणी वेधशाळा (ईएसओ) यांच्या अधिकृत पानांवरून उतरवा आणि खाली श्रेय द्या.

रंगांबद्दल आपणहून बोला. जेम्स वेब दुर्बीण अवरक्त प्रकाश टिपते, तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून आखूड तरंगलांबीला निळा, लांब तरंगलांबीला तांबडा असे रंग देतात. कृष्णविवराचं नारंगी कडं तर १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींवरून तयार केलेलं आहे. हे आधीच सांगितलं तर विश्वास वाढतो. शेवटच्या रांगेतल्या पोराने विचारल्यावर कबूल केलं, तर आधीचं सगळं संशयात येतं.

सावधान : मराठी अक्षरं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर हमखास मोडतात. टायपिंग युनिकोडमध्येच करा आणि सादरीकरण पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर न्या. व्हिडिओ उतरवून ठेवा. गावातल्या नेटवर्कवर तो ऐन वेळी फिरत बसतो.

## टप्पा ६ : आकडे आणि माप

इंग्रजी मजकुरातून आकडे उतरवताना सर्वात जास्त घोटाळे होतात. एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. एम ८७ चं अंतर ५५ मिलियन प्रकाशवर्षं, म्हणजे साडेपाच कोटी. ते सर्रास ५५ कोटी होऊन बसतं. बोलताना लाख-कोटीच वापरा, बाजारभावामुळे ते सगळ्यांच्या जिभेवर आहेत.

प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही. सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. पण हा आकडा पाठ करून कोणाच्या मनात अंतर उभं राहत नाही, त्यापेक्षा माप मांडा. सात सेंटिमीटरचं संत्रं म्हणजे सूर्य मानलं, तर पृथ्वी खसखशीच्या दाण्याहूनही लहान होते आणि साडेसात मीटरवर येते. पोराला टेप धरायला लावा आणि दाणा तिथे ठेवा. सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा या मापात २,००० किलोमीटरवर जातो. एवढं सांगून थांबा. लोक आपापसात बोलू लागतील, बोलू द्या.

दुर्बिणीचा आकार समजावायचा तर पडद्यावर नको, मैदानावर समजावा. दुपारीच शाळेतल्या पोरांना हाताशी घ्या. मध्ये खुंटी ठोका, दोरीला गाठी मारा आणि फक्कीने वर्तुळं आखा. हबलचा आरसा २.४ मीटर, म्हणजे दोरी १.२ मीटर. वेबचा ६.५ मीटर, दोरी सव्वातीन मीटर. केकचा १० मीटर, दोरी ५ मीटर. चिलीत उभारणी चाललेल्या ईएलटीचा ३९ मीटर, दोरी साडेएकोणीस मीटर. मैदान मोठं असेल तर शेवटचं वर्तुळ आपल्या राज्यातलं आखा. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. दोरी साडेबावीस मीटर. अशा ३० तबकड्या आहेत, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. या वर्तुळाचा परीघ १४१ मीटर भरतो. हात धरून कडेने उभं राहायला लहान शाळेतली सगळी पोरं कमी पडतात.

हे करताना एक गणित फळ्यावर मांडा. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. १० मीटरचा आरसा तिच्या सुमारे २० लाख पट उजेड गोळा करतो. "मोठी दुर्बीण मोठं करून दाखवते" हा समज इथेच दुरुस्त होतो. तिचं पहिलं काम उजेड गोळा करण्याचं आहे.

जीएमआरटीचं नाव निघालं की "त्यातून काय दिसते?" हा प्रश्न येणारच. डोळा लावायला तिथे काही नाही, ती रेडिओ लहरी पकडते. एक सोपं उदाहरण ठेवा. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी जीएमआरटीने ही लहर एका दूरच्या दीर्घिकेतून पकडली. ८८० कोटी वर्षं प्रवास करताना, विश्व प्रसरण पावत असल्यामुळे, ती ताणून ४८ सेंटिमीटरची झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी आली. शिंप्याची टेप घ्या, २१ आणि ४८ वर बोट ठेवून दाखवा.

सावधान : "आजवरची सर्वात दूरची दीर्घिका" असं वाक्य तारखेशिवाय बोलू नका. हा विक्रम वरचेवर मोडतो.

## टप्पा ७ : वीज, पडदा, आवाज

प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मिळून साधारण ३०० ते ३५० वॉट खातात. १५० अँपिअर-तासाची सुस्थितीतली बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर दोन तास निघतात. म्हणून वीज असो-नसो, जोडणी इन्व्हर्टरवरूनच करा. जनरेटर असेल तर लांब ठेवा, त्याच्या आवाजात म्हाताऱ्यांना काही ऐकू येत नाही.

पडदा नसेल तर चुन्याने पांढरी केलेली भिंत चादरीपेक्षा बरी. चादर वाऱ्याने हलते आणि तारे नाचतात. साउंडवाल्याला आधीच सांगा की एक माइक वक्त्याला आणि एक श्रोत्यांत फिरता हवा. फिरता माइक नसला की प्रश्न फक्त पुढच्या रांगेतल्या पुरुषांचेच येतात.

तपासा : आदल्या संध्याकाळी त्याच जागी, त्याच वायरींनी, पूर्ण अंधारात एकदा लावून पाहा. सर्वात मागच्या भिंतीपासून चित्राखालची अक्षरं वाचता येतात का?

## टप्पा ८ : वक्ता आणि निरोप

बाहेरून प्राध्यापक बोलावणार असाल तर त्यांना एक पानी पत्र द्या. श्रोते कोण, वेळ किती, शोध कोणता, स्लाइड मराठीत, आणि सुरुवात मैदानातून. "तुमच्या सोयीने काहीही बोला" असं म्हटलं की विश्वाच्या जन्मापासून सुरुवात होते. त्यांच्या जेवणाची, येण्याजाण्याच्या खर्चाची आणि परतीची सोय आधी बोलून घ्या. शेवटची एसटी कार्यक्रमाच्या आधीच गेलेली असते.

निरोपासाठी फ्लेक्सवर पैसे घालू नका. बचत गटाच्या बैठकीत दोन मिनिटं बोला, आशाताई आणि अंगणवाडी ताईंना सांगा, शाळेत पोरांच्या वहीत लिहून द्या, आणि कोतवालाकडून दवंडी द्या. निरोपात एक प्रश्न असू द्या: "मृगातला तांबडा तारा मधे का मंदावला होता?"

## टप्पा ९ : प्रत्यक्ष कार्यक्रम

क्रम असा: आधी बाहेर, मग आत, पुन्हा बाहेर. हा लेख वाचून एकच बदल करणार असाल तर तो हाच करा.

सात वाजता लोक जमले की आत बसवू नका. मैदानातच उभं करा. सरपंचांचा मान ठेवायचाच आहे, तर दीपप्रज्वलनाऐवजी हायमास्टचा दिवा त्यांच्या हातून बंद करा. सत्कार, हार, भाषणं, सगळं कार्यक्रमानंतर. दहा मिनिटांत त्रिकांड, म्हणजे मृगातले एका ओळीतले तीन तारे, दाखवा, मग काक्षी, मग खाली तेजस्वी व्याध. प्रत्येकाने बोटाने काक्षी दाखवली की आत चला. आता पडद्यावर येणारं प्रत्येक चित्र कशाचं आहे हे त्यांना ठाऊक असतं.

आत पस्तीस मिनिटं, जास्त नाही. टप्पा २ मधली साखळी त्याच क्रमाने सांगा. काक्षीचं अंतर साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षांच्या दरम्यान मानतात. नेमका आकडा का देता येत नाही हेही बोला. एवढा मोठा, सतत खदखदणारा तारा असला की मोजमापच अवघड होतं. त्यावरून पुढचं आपोआप येतं: २०१९ मध्ये आपण पाहिलेलं मंद होणं प्रत्यक्षात काही शतकांपूर्वी घडलं होतं, त्याचा प्रकाश तेव्हा पोहोचला.

मग वीस मिनिटं प्रश्न, आणि परत मैदान. या वेळी घाई नको, डोळ्यांना अंधार सरावायला वीसेक मिनिटं लागतात. मोबाइल खिशात ठेवायला सांगा.

सावधान : तारे दाखवायचा हिरवा लेझर विमानाच्या दिशेने नको आणि पोरांच्या हातात मुळीच नको. छोट्या दुर्बिणीतून बघायला देण्याआधी सांगा की वेबच्या चित्रासारखं काही दिसणार नाही, मृगाचा तेजोमेघ राखाडी धुरकट पट्ट्यासारखाच दिसेल. हे न सांगितल्यामुळे होणारा हिरमोड फार वाईट असतो. रांगेत लहान पोरं आणि म्हाताऱ्या बाया पुढे.

ढग आले तर? पाच-दहा मिनिटं थांबा, नाहीच हटले तर स्टेलॅरियमवर काक्षी दाखवून व्याख्यान करा आणि आकाशासाठी दुसरी रात्र तिथल्या तिथे जाहीर करा.

## टप्पा १० : प्रश्न

पहिला प्रश्न बाईमाणसाकडून किंवा पोरीकडून यावा म्हणून माइक आधी तिकडे न्या. आणि खालच्या चार प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा, ते येतातच.

"सिंदेवाहीकडे जे पडलं ते काय होतं?" २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या मोठ्या भागातून आकाशात जळते गोळे जाताना दिसले होते आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. ते रॉकेटचे अवशेष होते, चिनी रॉकेटचे असावेत असं जाणकारांनी सांगितलं. उल्का आणि असा कचरा यातला फरक इथे सांगा: उल्का क्षणभरात विझते, कचरा संथपणे, तुकडे होत, मिनिटभरही दिसू शकतो. खरी अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचणारा अवकाशातला दगड, पडली तर काय होतं याची खूण विदर्भातच आहे, बुलढाणा जिल्ह्यात लोणारला.

"मंगळ असलेल्या पोरीचं लग्न जमत नाही, तुमची दुर्बीण काय म्हणते?" हसण्यावारी नेऊ नका. विचारणारीच्या घरात तो खरा घोर असतो. मंगळ म्हणजे काय, त्यावर यानं उतरली आहेत, तिथे दगड-माती आहे, हे सांगा आणि स्पष्ट म्हणा की माणसाच्या लग्नाशी त्याचा संबंध दाखवणारं कोणतंही निरीक्षण नाही. कोणाच्या श्रद्धेची टर उडवू नका, पण उत्तर गुळमुळीतही देऊ नका.

"आमाले याचा काय उपेग?" पिकाला भाव मिळेल असं काही सांगू नका, ते खोटं होईल. वाय-फायमागचं एक महत्त्वाचं तंत्र ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या कामातून आलं, हे सांगता येतं. पण मी त्याआधी सरळ म्हणते की हा शोध पोटासाठी नाही, आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून आहे, आणि ते कळण्याचा हक्क पुण्या-मुंबईच्या माणसाइतकाच कोरडवाहू शेतकऱ्यालाही आहे.

"हे खरं हाय कशावरून?" साखळीतली चौथी ओळ, दुसरी खात्री, पुन्हा सांगा.

उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, शोधून सांगतो" म्हणा आणि प्रश्न रजिस्टरमध्ये विचारणाऱ्याच्या आडनावासह लिहा.

## टप्पा ११ : नंतरचे आठ दिवस

राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं आठवड्याच्या आत शाळेच्या फळ्यावर लिहा. दोरी गाठींसह शाळेतच ठेवा, पुढच्या वर्षी लागते. इच्छा आणि गाडीखर्च असेल तर पोरांना नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण दाखवा, पण या कार्यक्रमानंतर, आधी नाही.

आणि आठव्या दिवशी पाच जणांना गाठा: एक पोरगी, एक म्हातारा, बचत गटातली एक बाई, एक कॉलेजचा पोरगा, एक शेतमजूर. दोनच गोष्टी विचारा. काक्षी दाखवा, आणि ती का मंदावली होती ते सांगा. तिघांना दोन्ही जमलं तर पुढच्या हंगामासाठी देवयानी घ्या. नाही जमलं तर उत्तरं नेमकी कुठे अडली ते बघून साखळीची तेवढी कडी दुरुस्त करा आणि हाच विषय मार्चच्या आत शेजारच्या वस्तीत पुन्हा घ्या. एप्रिल उजाडला की मृग संध्याकाळी लवकर मावळतीला लागतो.